‘द शेमेन’ : एका नृत्यसंगीत-मंडळीचा उदय आणि ऱ्हास

मागील वर्षी बी. ए. भाग दोनच्या वर्गात मी श्लेष अलंकार शिकवीत होतो. सभंग आणि अभंग हे दोन्ही प्रकार सांगून झाले, नेहमीची उदाहरणे फळ्यावर लिहून झाली, आणि मग आपल्या गावचे म्हणून एक उदाहरण तोंडी दिले. मराठीत ‘हल्ली’ म्हणजे आजकाल. कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे, आणि ‘हल्ली’ म्हणजे पाल. ‘हल्ली आमच्या घरी फार’ एवढेच बोलून कोणी थांबला, तर खडेबाजारात शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या मनात दोन निरनिराळी वाक्ये पुरी होतील. वर्ग हसला. तेवढ्यात मागल्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, ‘एबेनीझर गुड’ हा सभंग श्लेष म्हणायचा की अभंग?”

चार-पाच मुले मान खाली घालून हसली. उरलेल्यांना प्रश्नच कळला नाही. मला कळला. कारण १९९४ साली, मी विद्यार्थी असताना, आमच्या स्नेहसंमेलनात आम्ही त्याच गाण्यावर नाचलो होतो. म्हापशाच्या माझ्या मावसभावाने भरून दिलेली कॅसेट होती. त्या काळचे आमचे प्राचार्य पहिल्या रांगेत बसून टाळ्यांनी ठेका धरीत होते. त्या गाण्यात एका नशेच्या गोळीचे गुणगान दडलेले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर नाचणाऱ्या आम्हालाही नव्हते.

“पुढच्या तासाला सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली. पण उत्तर तासात मावणारे नव्हते, म्हणून हा लेख लिहीत आहे. मी संगीतातला जाणकार नव्हे. भाषेचा शिक्षक आहे. तेव्हा या मंडळीकडे मी भाषेच्या खिडकीतून पाहिले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ‘द शेमेन’ ही मंडळी श्लेषावर वाढली आणि श्लेषानेच संपली. ते कसे, हे दाखविण्याचा हा प्रयत्न.

प्रथम नाव. ‘शेमन’ म्हणजे सायबेरियातील टोळ्यांमध्ये ढोल वाजवीत भानावरून जाणारा आणि त्या अवस्थेत देवतांशी बोलून रोग्याला बरे करणारा पुरुष किंवा स्त्री. शब्द मूळचा तुंगुसी भाषांतला. काही विद्वानांनी तो आपल्या ‘श्रमण’ या शब्दाशी जोडून पाहिला, पण ते मत सर्वमान्य झालेले नाही. इंग्रजीत त्याचे अनेकवचन साधे ‘शेमन्स’ असे होते. या मंडळीने मात्र ‘मॅन’चे ‘मेन’ होते त्या चालीवर मुद्दाम ‘शेमेन’ असे केले. म्हणजे जन्मच एका शाब्दिक खोडीतून झाला.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबर्डीन नावाचे करड्या ग्रॅनाइट दगडाचे शहर आहे. मासेमारी आणि उत्तर समुद्रातील खनिज तेल यांवर ते वाढले. तेथे १९८५च्या सुमारास कॉलिन अँगस आणि डेरेक व कीथ मॅकेंझी हे दोघे भाऊ यांनी ही मंडळी उभी केली. आरंभी ते गिटार वाजवीत. १९६०च्या दशकातील धुंद, गुंगी आणणाऱ्या रॉक संगीताची त्यांच्यावर छाया होती. १९८७ साली त्यांची पहिली लाँग प्ले ‘ड्रॉप’ निघाली. ती काढण्यासाठी त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली होती आणि तिचे नाव ठेवले होते ‘मोक्ष’.

आपला शब्द ॲबर्डीनला कसा पोहोचला, असा प्रश्न वाचकांना पडेल. बहुधा थेट भारतातून नाही, तर आल्डस हक्सले यांच्या लेखनाच्या वळशाने. त्यांच्या ‘आयलंड’ या १९६२च्या कादंबरीत एका काल्पनिक बेटावरील लोक ‘मोक्ष-औषध’ नावाची बुरशी विधिपूर्वक घेतात. हक्सले यांना मेस्कलीनची ओळख करून देणारे डॉक्टर हम्फ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ. १९५६ साली हक्सले यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनीच ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडविला. ग्रीकमध्ये मन आणि प्रकट होणे या दोन अर्थांचे शब्द जोडून तो केला आहे. मराठीत मी त्याला ‘मनःप्रकाशी’ म्हणून पाहिले, पण ते एखाद्या चूर्णाचे नाव वाटते. सायकेडेलिकच बरा.

याच ऑस्मंड यांच्या देखरेखीखाली १९५५ साली ख्रिस्तोफर मेह्यू नावाच्या ब्रिटिश खासदाराने बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर मेस्कलीन घेतले, आणि सुटाबुटात खुर्चीवर बसून, शुद्ध संसदीय इंग्रजीत, आपल्याला काळाचे भान कसे राहिलेले नाही याचे वर्णन केले. ती चित्रफीत त्या वेळी दाखविली गेली नाही. १९८७ साली शेमेन मंडळीने त्यावर एक गाणे केले आणि त्याला सरळ त्या खासदाराचेच नाव दिले. मला या प्रकारात एक ध्यानात घेण्याजोगी गोष्ट दिसते. ही मंडळी नशेकडे पोरकट चाळा म्हणून पाहत नव्हती. त्यांनी वाचन केले होते. सरकारी कचेरीतील जुन्या फायली उपसाव्यात तसा त्यांनी या विषयाचा इतिहास उपसला होता.

येथून पुढे यंत्रे येतात. १९८७ साली विल सिनॉट हा बासगिटारवादक मंडळीत आला आणि थोड्याच काळात मॅकेंझी बंधू बाहेर पडले. अँगस आणि सिनॉट हे दोघेच उरले आणि लंडनला आले. त्याच वेळी लंडनमध्ये शिकागोहून एक नवे नृत्यसंगीत आले होते. त्याला ‘ॲसिड हाउस’ म्हणत. त्याच्या जन्माची कथा मला फार आवडते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘टीबी-३०३’ नावाची एक चपटी पेटी काढली होती. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी हा तिचा हेतू. पण तिचा आवाज खऱ्या बासगिटारसारखा मुळीच येत नसे, म्हणून ती खपली नाही आणि १९८४ साली बंद झाली. मग ती जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली. शिकागोतील ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने ती घेतली आणि वाजत असतानाच तिच्या कळा पिळायला सुरुवात केली, तेव्हा चिखलातून बुडबुडे यावेत तसा एक विलक्षण, वळवळणारा ध्वनी निघाला. १९८७ सालची त्यांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका हे त्याचे फलित. सदोष यंत्राच्या दोषातूनच एक संगीतप्रकार निघाला.

त्याखाली वाजणारा ठेका अगदी साधा: मिनिटाला सुमारे १२० ते १३० ठोके, सगळे सारख्या वजनाचे, सम कोठे आहे ते शोधायची गरज नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटे. पण सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला जोगत्यांचे चौंडके ऐकत ज्याने अर्धी रात्र काढली असेल, त्याला हे कोडे उलगडायला वेळ लागणार नाही. तेच ते वाजत राहिले की कान ऐकायचे सोडतो आणि अंग ऐकू लागते. कोणाच्या अंगात येते, कोणाच्या येत नाही. पण पाय सगळ्यांचेच हलतात. शेमेन मंडळीला हवे होते ते हेच. त्यांच्या मुलाखतींत शेमन, ढोल आणि सामुदायिक तंद्री यांचे बोलणे सतत येई.

फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की जोगतीण सकाळी आपल्या गावात, आपल्या माणसांत परत येते. अंगात येणे आणि उतरणे या दोहोंनाही तेथे रीत आहे. लंडनच्या क्लबातून पहाटे बाहेर पडलेल्याला ती रीत नव्हती. त्याच्याजवळ होती एक गोळी.

ती गोळी एमडीएमए या द्रव्याची. लोक तिला ‘एक्स्टसी’ म्हणत आणि थोडक्यात ‘ई’. ब्रिटनमध्ये १९७७ पासून ती पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या द्रव्यांत मोडते. आपल्याकडे ती १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य ती एकाएकी मोठ्या प्रमाणात मोकळे करते. त्यामुळे परक्याविषयीही माया दाटून येते, थकवा जाणवत नाही आणि शरीराची उष्णता वाढते. पुढील दोन-चार दिवस त्याच द्रव्याच्या टंचाईचे असतात. १९८८च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हे संगीत आणि ही गोळी एकत्र पसरली. १९६७च्या हिप्पी उन्हाळ्याची आठवण म्हणून त्याला ‘प्रेमाचा दुसरा उन्हाळा’ असे नाव पडले.

आता मंडळीच्या शब्दांकडे पाहू. १९८९च्या त्यांच्या लाँग प्लेचे नाव ‘इन गोर्बाचेव्ह वी ट्रस्ट’. अमेरिकन नाण्यावर देवाविषयी जे छापलेले असते त्यात देवाच्या जागी सोव्हिएत नेता. १९९०च्या लाँग प्लेचे नाव ‘एन-टॅक्ट’. उच्चार ‘अभंग, शाबूत’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाजवळ जाणारा. पण एक्स्टसीच्या वर्गातील द्रव्यांना रसायनशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ‘एन्टॅक्टोजेन’ असे नाव दिले होते, तेही त्यात लपलेले. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

माझ्या विवेचनाचा गाभा येथे आहे. श्लेषाला दोन प्रकारचे श्रोते लागतात: एकच अर्थ कळणारे आणि दोन्ही कळणारे. सगळ्यांनाच दोन्ही कळले तर श्लेषातली गंमत जाते, आणि कोणालाच कळले नाहीत तर तो श्लेषच राहत नाही. ज्याला भूमिगत किंवा गुप्त संगीत म्हणतात त्याचे सगळे बळ या दोन श्रोत्यांमधील भिंतीत असते. एकनाथांचे भारूड वरून विंचवाचे, भुताचे आणि आतून परमार्थाचे. दादा कोंडके यांचा संवाद वरून सोवळा आणि आतून चावट. दुसरा अर्थ कोणी बोलून दाखविला की “तो तुमच्या मनातला” असे म्हणायची सोय असते. शेमेन मंडळीची भिंत १९९० पर्यंत शाबूत होती.

त्या काळातील त्यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘सिनर्जी’ या नावाने ते रात्रभराचे कार्यक्रम करीत. तबकड्या वाजविणारे डीजे, प्रकाशाचे खेळ, मध्येच स्वतःचे वादन, पुन्हा डीजे. बँड मध्यावर उभा आणि लोक खाली बसून टाळ्या वाजवताहेत, ही जुनी मांडणी त्यांनी मोडली. मंचावर कोण आहे याकडे पाठ करून लोक नाचत, आणि मंडळीला ते चालत असे. आज प्रत्येक महोत्सवात असे मिश्रण दिसते. तेव्हा ते नवे होते. त्याच वृत्तीतून पुढे, १९९१ साली, त्यांनी ‘प्रॉजेनी’ नावाची तबकडी काढली. एकाच गाण्याची अनेक रूपांतरे तिच्यात होती, आणि शिवाय त्या गाण्याचे सुटे भाग: ठेका वेगळा, स्वरांचे तुकडे वेगळे. ज्याच्याजवळ सॅम्पलर आहे त्याने ते घ्यावे आणि आपले गाणे करावे. सॅम्पलर म्हणजे ध्वनीचा तुकडा अंकांच्या रूपात साठवून कळ दाबताच हव्या त्या पट्टीत वाजवणारे यंत्र. आपल्या घरचे विरजण शेजाऱ्याला द्यावे तसा हा प्रकार.

ते गाणे मूळचे १९९०चे, ‘प्रोजेन’ नावाचे. १९९१च्या उन्हाळ्यात ते ‘मूव्ह एनी माउंटन’ या नावाने पुन्हा निघाले आणि ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. पण तो दिवस पाहायला विल सिनॉट नव्हता. गाण्याच्या चित्रीकरणासाठी मंडळी कॅनरी बेटांवर गेली होती. २३ मे १९९१ रोजी ला गोमेरा बेटाजवळ पोहत असताना तो बुडाला. वय अवघे तीस.

मंडळी मोडेल असे वाटत होते. अँगसने ती चालू ठेवली. पूर्वीपासून डीजे म्हणून आणि जलद, तालात शब्द फेकणारा म्हणून सोबत असलेला रिचर्ड वेस्ट, म्हणजे ‘मिस्टर सी’, आता पुढे आला. अस्सल लंडनचा, तोंडाळ, हजरजबाबी. अँगसचा स्वभाव याच्या उलट, मागे राहून यंत्रे जुळविणाऱ्याचा. सिनॉट असता तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती का, हे सांगता येत नाही. पण तिघांच्या वजनाने चालणारी बैलगाडी दोघांवर आली, आणि त्यातला एक फार बोलका होता, एवढे खरे.

१९९२च्या ऑगस्टमध्ये ‘एबेनीझर गुड’ निघाले. वरवर पाहता ते एका माणसाचे वर्णन आहे. हा गृहस्थ सगळ्यांचा लाडका, मैफलीचा प्राण, पण त्याच्याशी जपून वागावे असाही इशारा त्यात दिलेला. एबेनीझर हे नाव इंग्रज वाचकाला डिकन्सच्या कंजूष स्क्रूजची आठवण देणारे. चित्रफितीत ती भूमिका जेरी सॅडोविट्झ या विनोदी नटाने केली. ध्रुपदात मात्र नावाचा पहिला भाग गळतो आणि उरलेला भाग आडनावाला जोडून लंडनच्या बोलीत झपाट्याने म्हटला जातो. मग ऐकू येते ते असे, की ‘ई’ नावाच्या गोळ्या चांगल्या असतात.

तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर: हा सभंग श्लेष. नाव फोडल्याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. आणि हा श्लेष कागदावरचा नाही, तोंडचा आहे. लिहून दाखविला तर नुसते नाव दिसते. आमच्या हल्ली-हळ्ळीसारखेच. लिहिताना ल आणि ळ वेगळे; बाजारच्या गलक्यात कोण वेगळे करतो?

गाणे सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तेथे राहिले. वृत्तपत्रांनी गहजब केला. मंडळीने तोंडावर साळसूद भाव ठेवून हे एका माणसाचे गाणे आहे असे सांगितले. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात मिस्टर सीने शेवटच्या भागातील विडीच्या कागदाचा चोरटा उल्लेख बदलून तेथे गालिच्याखाली घालायच्या अस्तराचा उल्लेख केला, आणि कोणी विचारले तेव्हा हा केवळ गालिच्याचा उल्लेख आहे असे सांगितले. इंग्रजीत गालिचा म्हणजे ‘रग’. आधी एक ‘ड’ लावला की काय होते ते सांगायला नको. विनोद म्हणून हे अव्वल आहे, मी नाकारीत नाही. तो वाचून मी एकटाच खोलीत हसलो होतो.

पण भिंत पडली होती. दुसरा अर्थ आता सकाळच्या पेपरात छापून येत होता. जे गाणे ऐकून ‘आपल्यातला’ कोण हे ओळखता येत असे, ते शाळेच्या पटांगणात दहा वर्षांची पोरे म्हणू लागली. रात्रभर पाठ करून नाचणाऱ्या लोकांनी या मंडळीकडे आता निराळ्या अर्थाने पाठ फिरविली. आणि ज्या नव्या लोकांनी तबकड्या घेतल्या त्यांना हवा होता तो टोपीवाला गमत्या माणूस. मंचावरचा चेहरा पुसून टाकू पाहणाऱ्या मंडळीच्या कपाळी एकच चेहरा चिकटला, आणि तो त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

बाहेरून हे दिसले नाही. त्याच वर्षी ‘एलएसआय’ सहावे, ‘बॉस ड्रम’ चौथे, ‘फॉरएव्हर पीपल’ पाचवे आले. १९९३ साली त्यांनी एक धाडस केले. अमेरिकन लेखक व वक्ते टेरेन्स मॅकेन्ना यांचे शेमनविद्या, वनस्पती आणि मानवाचे भवितव्य यांविषयीचे व्याख्यान ठेक्यावर बसवून ‘री-एव्होल्यूशन’ या नावाने काढले. आठ मिनिटांहून अधिक लांब, गाणे असे नाहीच, नुसते बोलणे. आणि ते अठराव्या क्रमांकावर गेले! तास संपण्याची घंटा कधी होते याकडे कान लावून बसणारे श्रोते ज्यांच्या नशिबी, त्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला हेवा वाटावा अशीच ही गोष्ट. हे व्याख्यान ‘बॉस ड्रम’ या लाँग प्लेच्या शेवटी आहे, म्हणजे आमच्या कॅसेटवरही असायला हवे होते. पण मावसभावाने तेवढ्या जागेवर तियात्रातली दोन गाणी भरली होती. ते व्याख्यान मी ऐकले ते पंचवीस वर्षांनी.

पुढील उतरण थोडक्यात सांगतो. १९९५च्या ‘ॲक्सिस म्युटॅटिस’मध्ये अँगसने रॉस किंग या संशोधकाच्या साहाय्याने सेरोटोनिनच्या ग्राही प्रथिनाची रासायनिक क्रमवारी स्वरांत उतरविली. नशा मेंदूत ज्या कुलपाला लागते त्या कुलपाचेच गाणे केले, म्हणा ना. कल्पना अपूर्व होती, ऐकणारे मोजके. त्याच वर्षी ‘डेस्टिनेशन एस्कॅटॉन’ पंधराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. नृत्यसंगीताला एव्हाना दहा फांद्या फुटल्या होत्या, आणि गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर वाढलेली ट्रान्स ही त्यांतलीच एक लंडनला परत येऊन बसली होती. कंपनीशी पटेनासे झाले. १९९६च्या ‘हेम्प्टन मॅनर’ या शब्दरहित लाँग प्लेमधील तुकड्यांच्या नावांची आद्याक्षरे क्रमाने वाचली की कंपनीच्या प्रमुखाला दिलेली शिवी तयार होते. जुन्या पंडित कवींनी चित्रकाव्य केले, आद्याक्षरांत राजाचे नाव गोवले. येथे राजाला शिवी. खोडी तीच, पण आता ती ओळखायला फारसे कोणी उरले नव्हते. १९९८ साली शेवटची लाँग प्ले ‘यूव्ही’ पुन्हा स्वतःच्या ‘मोक्ष’मधून निघाली, आणि १९९९ साली मंडळी विसर्जित झाली. मिस्टर सीने १९९५ साली भागीदारीत काढलेला ‘द एंड’ हा लंडनमधील क्लब २००९ पर्यंत चालला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, त्या वगळून चालणार नाही. १९९४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून रात्री उघड्यावर शंभर किंवा अधिक लोक जमवून ध्वनिवर्धकावर संगीत लावण्याला आळा घातला आणि त्या कलमापुरती संगीताची व्याख्याच केली: एकामागून एक येणाऱ्या, पुनरावृत्त ठोक्यांचे आवाजही त्यात धरावेत. कायद्याच्या पुस्तकात तालाला गुन्ह्याच्या वर्णनात स्थान मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. या व्याख्येने आमचा हरिनाम सप्ताहही सुटला नसता.

दुसरी गोष्ट १९९५च्या नोव्हेंबरातील. इंग्लंडमध्ये एका मुलीने आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत एक गोळी घेतली. अंगाची लाही होते म्हणून पाणी प्यावे, असा सल्ला तेव्हा सर्वत्र दिला जाई. ती दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्याली. ही गोळी मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकू देत नाही. रक्तातील मीठ पातळ झाले, मेंदूला सूज आली, आणि काही दिवसांत ती गेली. गोळीत भेसळ नव्हती. म्हणजे श्लेषातला दुसरा अर्थ जे सांगत होता, तो जिन्नस शुद्ध असूनही हे झाले.

हे वाचताना मला आमच्याच एका माजी विद्यार्थ्याची आठवण झाली. चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर गेलेल्या मुलांत तो होता. परत आणले तेव्हा अंग भाजत होते, आणि चार दिवस तो कोणाला ओळखत नव्हता. बरा झाला. मी भेटायला गेलो तेव्हा, काय घेतले होतेस, असे विचारायचे धाडस मला झाले नाही. मी म्हटले, “अरे, ती गाणी कशाची आहेत ते तरी ठाऊक होते का तुला?” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “सर, ते सगळ्यांना ठाऊक असतं.” त्याची आई दाराशी उभी होती. तिला ठाऊक नव्हते.

पुढच्या तासाला मी फळ्यावर ते नाव लिहिले, मध्ये रेघ मारून फोडून दाखविले, आणि दुसरा अर्थ मोठ्याने वाचला. जी चार-पाच मुले आदल्या तासाला हसली होती ती या वेळी हसली नाहीत. एका मुलीने हात वर करून विचारले, परीक्षेत हे उदाहरण लिहिले तर चालेल का? मी म्हटले, चालेल. पण दोन्ही अर्थ लिहायचे.